घरातल्या पाच जणांना तपासलं, चौघांची शुगर वर: रक्ताचा दोष की कढईचा?

रेणापूरकर_कृषी
राम राम मंडळी. लई दिवसांनी लिहायलोय. मागच्या महिन्यात अण्णांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. शुगर त्यांना पंधरा वर्षांपासून आहे, गोळी चालू होती, आम्ही निवांत. मे महिन्यात शेतातून येताना एका पायातली चप्पल निसटली आन त्यांना कळलंच नाही, तापलेल्या डांबरी रस्त्यावरून तसेच घरापर्यंत चालत आले. माय दारातूनच ओरडली दुसरी चप्पल कुठंय, तवा त्यांनी खाली बघितलं. फोड आला, फोड फुटला, आम्ही हळद भरत बसलो, पुढचं सांगत नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं आम्हा सगळ्यांकडं एकदा बघितलं आन इचारलं, तुमच्यापैकी कुणी तपासलंय का? कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी रक्त दिलं. धाकटा भाऊ ३३ चा, उपाशीपोटी १४८. मी ३७ चा, तीन महिन्यांच्या सरासरीची ती टेस्ट असते ना एचबीए१सी, ती ६.१. माय ६.८, तिला तर काहीच होत नव्हतं म्हणे. बायको ६.०. एकटी भावजय ५.३, तिला लग्न होऊन आठ महिनेच झालेत.

आता मला आन भावाला रक्तातून आलं हे कळतंय. पण बायको औशाची, तिच्या माहेरी आईबाप दोघंबी ठणठणीत. तिचं कसं वाढलं? माय म्हणायली ह्या घराचं पाणीच तसलं. मी हसलो, पण रात्री झोप आली नाही. नवराबायकोत लागण होते काय ह्याची?

धपाटे_दही
भावजयीला म्हणावं थांब, अजून बारा वर्षं ह्या घरात काढ, तुझंबी सहावर येतंय 😄
मजाक सोडा, अण्णांची जखम कशीय आता?

रेणापूरकर_कृषी
भरायलीय हळूहळू. ड्रेसिंग एक दिवसाआड.

परभणी_मोती
एकोणीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतोय, तेवढ्यावर सांगतो, डॉक्टर नाही मी. लागण होत नाही. सर्दीसारखं एकाचं दुसऱ्याला जात नाही. पण नवऱ्याचा रिपोर्ट खराब आला की आम्ही सोबत आलेल्या वहिनींनाबी म्हणतो, आता आलाच आहात तर हात पुढं करा. आन कितींदा तरी निघतं. ह्याच्यावर कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ ला बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, जोडीदाराला शुगर असेल तर आपल्याला ती व्हायचा धोका २६ टक्क्यांनी जास्त निघाला. आता नवराबायकोचं रक्त तर एक नसतं. मग एक काय असतं ते तुम्हीच बघा, ताट, चहा, जागरण, टीव्हीपुढचं बसणं, घरातलं टेन्शन.

रक्ताचं म्हणाल तर ते खोटं नाही. पुस्तकात सांगतात की आईबापापैकी एकाला असेल तर पुढं आयुष्यात कधीतरी व्हायची शक्यता साधारण ४० टक्के, दोघांना असेल तर ७० च्या आसपास. पण ही काही एकाच जनुकाची करामत नाही, शेकडो बारीक बारीक फरक असतात, एकेकाचा जोर थोडाथोडाच.

आन भावाचं १४८ एकदा परत करून घ्या, आठ तास उपाशी राहून. उपाशीपोटी १२६ आन त्याच्या वर दोनदा आलं की शुगर आहे असं धरतात. तुमचं ६.१ आन वहिनींचं ६.० म्हणजे अजून उंबरठ्यावर, ५.७ ते ६.४ तो पट्टा. मावशींचं ६.८ मात्र उंबरठा ओलांडून आत गेलंय, त्यांना डॉक्टरकडं न्याच. काहीच होत नव्हतं हेच तर ह्या आजाराचं वाईट आहे.

माजलगावची_सून
मगापासून सगळे रक्त रक्त करायलेत, कढईत कुणी डोकावलं का?

आमच्या घरात सात जण. तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो. मी मागं एकदा झाकणावर पेनानं तारीख टाकून ठेवली, कारण सासूबाई म्हणायच्या डबा तीन महिने जातो. चाळीस दिवसात खडखडाट! आता हिशेब करा, पंधरा हजार ग्रॅम भागिले चाळीस भागिले सात. माणशी रोजचं ५३ ग्रॅमच्या वर. आणि डॉक्टर लोक सांगतात माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला जेमतेम १५ ग्रॅम. साडेतीन पट. त्यात बाहेरचे भजे, लग्नाच्या पंगती धरल्याच नाहीत. सासूबाईंचा हात असा की पळी तिरकी करतात आणि मग गप्पा मारत राहतात, तर्री वर आली नाही तर कालवणाला पाणचट म्हणणार.

आणि दुसरं सांगू का. सासऱ्यांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ह्यांना कमी तेलाचं, कमी मिठाचं द्या. ह्यांना! म्हणजे बाकीच्यांना तेच. तीन वर्षं मी दोन दोन भाज्या केल्या, एक पेशंटची आणि एक माणसांची. मामंजी आपली भाजी खाऊन वर नातवाच्या ताटातला रस्सा ओरपायचे. आणि मी सगळ्यांत शेवटी जेवायला बसणार, दुपारचे तीन वाजलेले, उरलेल्या कालवणाच्या कढईत भात टाकायचा आणि कढई पुसून खायची. सगळं तेल तर खालीच बसलेलं असतं. माहेरून ५२ किलोची आलेली मी आज ७४ आहे. रेणापूरच्या वहिनीबी तशाच जेवत असतील, भाऊ, एकदा बघा तुम्ही कढई कोण पुसतं ते.

रेणापूरकर_कृषी
ताई काय बोलू आता. हे कधी बघितलंच नव्हतं. आज दुपारी मुद्दाम दुकान बंद करून आलो, तीच भात कालवून खात होती कढईत. मला म्हणाली, टाकून कसं द्यायचं.

मुखेडचा_पैलवान
हे सगळं नवीन फॅड आहे. माझा आजोबा ९२ वर्षं जगला, वाटीभर तूप, गूळ, येळवशीला, म्हणजे येळ अमावस्येला, आंबिलीचं मडकं एकटा रिकामं करायचा, उंडे भज्जी खाऊन वर खीर. कुठली शुगर न् कुठलं काय. रक्तात ताकद पाहिजे.

बहात्तरचा_माणूस
पैलवान, आजोबा दिवसभर वखरामागं किती कोस चालायचे ते कोण सांगणार? तुम्ही बुलेटवर रानात जाता, बांधावर उभं राहून फोनवर बोलता आन येता. आजोबाचं ताट तेवढं उचललं, आजोबाचा दिवस नाही उचलला.

मी नातवाच्या फोनवरून लिहितो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा. आमच्याकडं बीड जिल्ह्यात इहिरीला खडखडीत तळ दिसायचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला सगळं घर. ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकर थापताना फुटायची आन गार झाली की वातड. लेकरांना सुकडी मिळायची, आम्ही मोठी पोरंबी रांगेत घुसायचो. माय तेव्हा पोटुशी होती आन पाटी डोक्यावर घेऊन चढ चढायची. धाकटी बहीण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात झाली, इवलीशी, कापसात गुंडाळून ठेवली होती. ती आयुष्यभर काडीसारखी, ना गोडाचा शौक ना चरबी, तरी बेचाळिसाव्या वर्षी शुगर. आम्ही म्हणायचो हिला कशी झाली, ही तर वाळलेली. आता वाटतं पोटातल्या उपासाचा काही संबंध असंल का? माझा आपला अंदाज.

परभणी_मोती
काका, तुमचा अंदाज लई लांबचा नाही. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली, त्या वेळी जी लेकरं पोटात होती त्यांना मोठेपणी तपासलं तर साखर पचवायची ताकद कमी निघाली. आन आपल्याकडंच पुण्याच्या केईएम दवाखान्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांपासून सुरुवात करून त्यांची लेकरं वर्षानुवर्षं तपासली. तिथली लेकरं जन्मताना सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदम्प्टनची ३.५ किलो. आपलं लेकरू बारीक, पण मांस कमी आन चामडीखालची चरबी मात्र जवळपास इंग्लंडच्या लेकराएवढी! म्हणजे जन्मापासूनच बाहेरून बारीक आतून जाड. त्यांचा एक फोटोबी आहे, २००४ ला लॅन्सेट ह्या डॉक्टर लोकांच्या मासिकात छापलेला, याज्ञिक आन त्यांचे इंग्रज मित्र युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, २२.३. चरबी युडकिनमध्ये ९.१ टक्के आन आपल्या याज्ञिकांमध्ये २१.२.

म्हणून कुणी म्हणालं ना आमच्या खानदानात सगळे सडपातळ आहेत आम्हाला कशाची शुगर, की मी त्याला आधी टेपनं पोट मोजायला सांगतो. आपल्या लोकांत पुरुषाला ९० सेंटीमीटर आन बाईला ८० च्या पुढं घेर गेला की धोका धरतात. पँटचा नंबर सांगू नका, बेंबीच्या लेव्हलला टेप लावा.

आरोग्यसेवक_२१दिवस
घाबरू नका. जांभूळ बी, कारलं, गुडमार यांचे खात्रीशीर चूर्ण. २१ दिवसात शुगर मुळापासून, गोळ्या बंद. इनबॉक्स करा.

सिस्टर_अंबडकडची
वरच्या साहेबांना कुणी इनबॉक्स करू नका. माझ्या उपकेंद्रात असल्या चूर्णापायी गोळ्या सोडलेला एक माणूस दीड महिन्यानं साडेचारशे शुगर घेऊन आला होता, उलट्या करत. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही, बास.

आणि तपासायला पैसे लागतात म्हणून कुणी थांबू नका. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर उपकेंद्रावर फुकट बघतो आम्ही. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात त्यात घरात कुणाला शुगर, बीपी, हार्टचा त्रास आहे का असा प्रश्न असतो, कंबर मोजतात. लोकं काय करतात, नाही नाही आमच्यात कुणालाच नाही म्हणून सांगतात. का? पोरीचं लग्न जमायचंय! अहो आशाताई काय स्थळ सांगायला आली का तुमच्याकडं.

लातूरची_आई
मी पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही अहमदपूरकडचे, पोराच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहतोय. पोरगा १३ वर्षांचा. सकाळी सहाला उठतो, शाळा, क्लास, दुसरा क्लास, रात्री दहापर्यंत बसूनच. येताजाता वडापाव नाहीतर समोसा, खेळायला वेळच नाही. वजन ६८. वर्षभरापासून त्याच्या मानेवर मागून काळा पट्टा आलाय, हात लावला तर मखमलीसारखा जाडसर लागतो, काखेतबी तसंच. सासूबाईंना वाटलं मळ आहे, त्या बेसन-लिंबू लावून घासतात, एकदा तर टाचा घासायच्या दगडानं घासलं, पोरगं रडायला लागलं. मैत्रीण म्हणाली शुगरचं असतं. त्याच्या आजोबांना शुगर आहे, आणि मला तो पोटात असताना शुगर निघाली होती पण बाळंतपणानंतर गेली. खरंच काही असेल का? भीती वाटतेय.

सिस्टर_अंबडकडची
ताई, आधी तो दगड काढून घ्या सासूबाईंच्या हातातून. तो मळ नाही. शरीरात इन्शुलिन तयार होतं पण त्याला दाद मिळत नाही, मग शरीर आणखी आणखी इन्शुलिन सोडतं, त्या जास्तीच्या इन्शुलिनमुळं कातडी तिथं जाड आणि काळी पडते. घासून जात नाही, वजन थोडं कमी झालं की आपोआप फिकी होते. शुगर झालीच आहे असं नाही, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवून तपासून घ्या, लिव्हरबी बघायला सांगतील.

आणि गेली म्हणालात ना, ती गरोदरपणातली शुगर जाते तशी परत यायची वाट बघत असते. ज्यांना ती झाली त्यांना पुढं कायमची शुगर व्हायचा धोका इतर बायांपेक्षा कितीतरी पट असतो, त्यांच्या लेकरांनाबी जास्त. पोराबरोबर तुमचंबी रक्त द्या. बाळंतपणानंतर कधी तपासलं होतं का तुम्ही?

लातूरची_आई
नाही. तेरा वर्षांत एकदाही नाही. कुणी सांगितलंच नाही.

हिंगोलीकर
शुगरचंच चाललंय म्हणून एक सांगतो. माझा चुलतभाऊ ४१ व्या वर्षी अटॅकनं गेला, हळद काढायची गडबड होती, खळ्यावरच बसला आन आडवा झाला. शुगर नाही, दारू नाही, तंबाखू नाही. त्याचा बापबी ४८ ला तसाच गेलेला, तेव्हा आम्ही म्हणलो नजर लागली. नंतर एका डॉक्टरनं त्याच्या दोन्ही भावांचं आन पोरांचं कोलेस्टेरॉल काढायला लावलं. एका भावाचं एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, २१०, सोळा वर्षांच्या पोरीचं १९६. एलडीएल १९० च्या पुढं असलं की ते नुसतं खाण्यापिण्याचं नसतंय म्हणे, जन्मापासून वंशातून आलेलं असू शकतं, आन आईबापापैकी एकाकडं असलं तर प्रत्येक लेकराला निम्मीनिम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. गोळी चालू आहे आता दोघांची. वहिनी म्हणते हे दहा वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर.

तर माजलगावच्या ताई, तुमची कढई खरी, पण सगळंच कढईवर ढकलू नका. काही घरात रक्तच आहे.

माजलगावची_सून
मान्य दादा. वाईट वाटलं वाचून. मी एवढंच म्हणते की रक्ताला औषध डॉक्टर देतो, कढईला कोण देणार.

मुखेडचा_पैलवान
तेल कमी करून, चालून खरंच फरक पडतो का नुसतं मनाचं समाधान? कारण माझ्या बापालाबी हाय शुगर, ते वर सांगितलं नव्हतं.

परभणी_मोती
आता कसं बोललात 😄 पडतो. चेन्नईच्या रामचंद्रन डॉक्टरांनी उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांना तीन वर्षं बघितलं होतं, २००६ ला छापून आलं. ज्यांना फक्त चालणं-खाणं नीट करायला लावलं त्यांच्यात शुगर व्हायचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना मेटफॉर्मिनची गोळी दिली त्यांच्यात २६.४. म्हणजे चालणं गोळीच्या बरोबरीला बसलं. कुणी म्हणेल एवढंच? घरात दोघांचे आईबाप शुगरवाले असतील तर मला तर हे लई वाटतं. आन गव्हाच्या चार पोळ्यांपेक्षा ज्वारीची दीड भाकर बरी, हे सांगायला संशोधन नको, आमच्या परभणीची ज्वारी आहेच. फक्त भाकर चांगली म्हणून पाच खाऊ नका. हे मी माझ्याच मेव्हण्याला सांगून थकलोय.

रेणापूरकर_कृषी
सगळ्यांचं वाचलं, मायला वाचूनबी दाखवलं, कढईचं सोडून. ते वाचलं असतं तर घरात भांडण.

रविवारी टेप आणली. शिलाई मशीनच्या डब्यातली, बायकोची. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्याकडची एक गुणांची पद्धत सापडली, वय, पोटाचा घेर, कष्ट आन आईबाप एवढ्यावर, रक्त न काढता. माझं वय ३७ म्हणून २० गुण. घेर ९६ निघाला, त्याचे १०. दुकानात खुर्चीवर बसून, व्यायाम शून्य, त्याचे ३०. आईबापापैकी एकालाच शुगर असती तर १० होते, पण आता मायचाबी रिपोर्ट आलाय तर २० धरले. टोटल ८०. साठ आन त्याच्या वर म्हणजे लई धोका. मायचा रिपोर्ट वाचताना मला तिची काळजी वाटली होती, त्यात माझेबी दहा गुण वाढलेत हे तवा लक्षात आलं नाही.

बायकोचं वय ३४, त्याला शून्य. घेर ८८, दहा. घरकाम दिवसभर, वेगळा व्यायाम नाही, वीस. आईबाप ठणठणीत, शून्य. फक्त तीस. कागदावर सुटली आन रक्तात सापडली. ती म्हणाली, त्या कागदात कढईचा रकाना नाही ना.

भावाचं परत केलं, १४२. त्याची गोळी चालू झाली. तो आन मी पहाटे रेणुकामातेच्या देवळापर्यंत जाऊन येतोय चालत, आज सहावा दिवस, बघू किती टिकतंय. मायला वेगळी भाजी नाही, सगळ्यांना एकच. पहिल्या दिवशी अण्णांनी ताट सरकवलं, म्हणाले हे काय दवाखान्याचं जेवण. कुणी काही बोललं नाही. मग भावजयीनं शेंगदाण्याची चटणी वाढली, तेव्हा जेवले. ताट आता बायको आन माय बरोबरच वाढून घेतात आमच्यासोबत, ते जरा अवघड गेलं मायला, पंगत उठायच्या आधी बसायची सवय नाही तिला.

नवीन डबा काल उघडला. झाकणावर तारीख टाकलीय, मार्करनं, मोठ्ठी. सहा माणसं आहोत.

माजलगावची_सून
संपला की सांगा भाऊ. मध्ये पाव्हणे आले, सणाचं तळण झालं असं म्हणून दिवस वजा करायचे नाहीत.

रेणापूरकर_कृषी
पाव्हण्यांचेबी धरायचे?

माजलगावची_सून
मग, भजे पाव्हण्यांनी एकट्यानंच खाल्ले होते का?